आमोसचा 'अदोम' आणि याकोबाचा 'आदाम' : हे संदेष्टे नक्की कोणाचे?

पडवी | सोमवार, रात्री १०:४०

मागच्या महिन्यात एका मित्राकडे जेवायला होतो. त्याच्या आई रोज बायबल वाचणाऱ्या. वाढता वाढता सहज म्हणाल्या, "यशया घ्या, आमोस घ्या, सगळ्यांनी आमच्या येशूबद्दलच सांगून ठेवलंय." पंगतीतल्या एकाने लगेच विचारलं, "मग ज्यू लोकांना त्यांच्याच पुस्तकातलं कळलं नाही होय?" काकू काही बोलल्या नाहीत, आमटी आणायला आत गेल्या. प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला. तीन-चार आठवडे जे वाचलं ते इथे टाकतोय. मी ख्रिस्ती नाही, ज्यू नाही, हिब्रूची जेमतेम अक्षरओळख. चुकलं तर कान धरा.

आधी शब्दाचा घोळ. हिब्रू शब्द 'नवी', आपल्या ओळखीचा 'नबी' तोच. मराठी बायबलात 'संदेष्टा' येतो, पण बोलताना 'भविष्यवादी' म्हणणारे खूप, आणि तिथेच फसगत होते. भविष्य म्हटलं की पोपट आणि चिठ्ठ्या डोळ्यांसमोर येतात. नवी म्हणजे ज्याला बोलावून घेतलंय आणि जो दुसऱ्याच्या वतीने बोलतो तो. पुढचं सांगतो तेही बहुतेक वेळा 'असेच वागत राहिलात तर' या अटीवर. योनाने निनवेला जाऊन सांगितलं की चाळीस दिवसांत शहर उलथं होणार. शहर सुधारलं, काही झालं नाही, आणि योना रुसून उन्हात जाऊन बसला. ज्योतिषाचं भाकीत खोटं ठरलं तर गिऱ्हाईक तुटतं. इथे भाकीत खोटं ठरावं म्हणूनच तर माणूस पाठवलेला.

आता आमोस. बेथलेहेमच्या दक्षिणेला तकोवा नावाचं गाव, तिथला गुरं राखणारा, उंबराच्या जातीच्या झाडाची फळं टोचून पिकवणारा माणूस. काळ साधारण इ.स.पू. ७६०. तेव्हा राज्यं दोन : दक्षिणेला यहूदा, उत्तरेला इस्राएल. उत्तरेत दुसरा यराबाम गादीवर, पैसा खेळता, देवळं भरलेली. हा दक्षिणेतला गडी उत्तरेतल्या बेथेलच्या देवस्थानात जाऊन बोलायला लागला.

त्याच्या बोलण्याची रचना बघण्यासारखी आहे. सुरुवात शेजाऱ्यांपासून. दिमिष्काने (दमास्कसने) असं पाप केलं, देव सोडणार नाही. गाझा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब, एकेकाचा पाढा. ऐकणारे माना डोलावत असणार, सगळे आपले वैरीच ना! मग यहूदा. अजून ठीक. आणि मग फास आवळतो : इस्राएल. तुम्ही. जोडाभर वहाणांसाठी गरिबाला विकणारे, हस्तिदंती पलंगांवर लोळणारे. (शोमरोन या उत्तरेच्या राजधानीच्या उत्खननात हस्तिदंती नक्षीचे तुकडे खरोखर सापडले आहेत.) तुमच्या सणांचा मला वीट आलाय, तुमची गाणी बंद करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. बेथेलचा पुजारी अमस्या वैतागून म्हणतो, तुझ्या गावाला जा आणि तिथे पोट भर. त्यावर आमोसचं उत्तर : मी संदेष्टा नाही, संदेष्ट्याचा पोरही नाही, मी गुराखी. इ.स.पू. ७२२ मध्ये अश्शूरी फौजेने शोमरोन घेतलं आणि उत्तरेचं राज्य संपलं.

अख्ख्या पुस्तकात येशू कुठे? शोधून सापडत नाही. पण शेवटच्या अध्यायात एक वाक्य आहे : दाविद राजाचं पडलेलं खोपटं मी पुन्हा उभारीन, म्हणजे ते 'अदोमाचे उरलेले' ताब्यात घेतील. अदोम हा शेजारचा वैरी देश. सरळ राजकीय वाक्य.

यानंतर सुमारे आठशे वर्षांची उडी. इ.स. ४९ च्या आसपास यरुशलेमात येशूच्या अनुयायांची बैठक भरली. हे सगळे ज्यूच. वादाचा विषय : बिगर-ज्यू लोक आपल्यात येतायत, त्यांची सुंता करायची की नाही? येशूचा भाऊ याकोब उठतो आणि नेमकं आमोसचं हेच वाक्य काढतो. पण 'प्रेषितांची कृत्ये' उघडून १५ वा अध्याय वाचा, तिथे अदोम नाहीच! तिथे आहे : म्हणजे 'उरलेली माणसं' प्रभूला शोधतील. वैरी देश गेला, मानवजात आली. ताबा गेला, शोध आला.

ही लबाडी नव्हे. अलेक्झांड्रियाकडच्या ज्यूंनी ख्रिस्ताच्या आधीच आपल्या ग्रंथांचं ग्रीक भाषांतर केलं होतं, सेप्टुआजिंट. त्यात हे वाक्य असंच आहे. हिब्रू लिपीत तेव्हा स्वरचिन्हं नव्हती. 'अदोम' आणि 'आदाम' म्हणजे माणूस, दोन्ही लिहायला जवळपास सारखे. 'ताब्यात घेतील' आणि 'शोधतील' यांत एका अक्षराचा फरक. ज्यू भाषांतरकाराने जे वाचलं, किंवा जे त्याला वाचावंसं वाटलं, त्यावर बिगर-ज्यूंसाठी दार उघडलं गेलं.

माझं म्हणणं एवढंच. सुरुवातीचे ख्रिस्ती संदेष्ट्यांशी जे करत होते ते घरातल्या माणसाने घरातली पोथी वाचण्यासारखं होतं, आणि तसं बाकीचे ज्यूही करत होते. बिघडलं ते नंतर, पोथी घराबाहेरच्यांच्या हातात गेल्यावर. यावर मतं हवीत.

काजूची_बी | सोमवार, रात्री ११:०२

वाचनखूण साठवली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

सालस_शंकेखोर | मंगळवार, सकाळी ७:१५

छान लिहिलंय, पण फार सौम्य. यशया ७:१४ विसरलात का? मूळ हिब्रूत 'अल्मा' म्हणजे तरुण मुलगी. ग्रीकमध्ये 'पार्थेनोस' झालं, म्हणजे कुमारी. येशूचं चरित्र लिहिणाऱ्या मत्तयाने ते उचललं आणि दोन हजार वर्षांचा कुमारीजन्म एका भाषांतराच्या चुकीवर उभा राहिला. संपला विषय.

पडवी | मंगळवार, सकाळी ९:३०

@सालस_शंकेखोर, इतक्या लवकर संपत नाही. तीन गोष्टी.

यशया बोलतोय ते राजा आहाजशी, इ.स.पू. ७३४ च्या सुमारास. अराम आणि उत्तरेचं इस्राएल मिळून यरुशलेमवर चालून येतायत आणि आहाज घाबरलाय. यशया म्हणतो, ही तरुणी बाळंत होईल, मुलाचं नाव इम्मानुएल ठेवील, आणि त्या पोराला बरंवाईट कळायच्या आत या दोन राजांचे देश ओसाड पडतील. आहाजला सातशे वर्षांनंतरच्या बाळाचा काय उपयोग? खूण त्याच्यासाठी होती, तेव्हाच्या तेव्हा. इथवर तुमच्याशी सहमत.

पण 'पार्थेनोस' हा शब्द ख्रिस्त्यांनी घुसडलेला नाही, तो ज्यू भाषांतरकाराचा आहे. आणि त्या भाषांतरात हा शब्द काटेकोर 'कुमारी' याच अर्थी येतो असंही नाही. उत्पत्तीच्या ३४ व्या अध्यायात दीना नावाच्या मुलीवर बलात्कार झाल्यानंतरही ग्रीक भाषांतर तिला पार्थेनोसच म्हणतं.

तिसरं, कुमारीजन्माची कथा दुसरा चरित्रकार लूकही सांगतो, पण यशयाचं हे वचन न देता. म्हणजे वचनातून कथा निघाली असं सरसकट म्हणता येत नाही. कथा आधी कानावर होती आणि मत्तयाने तिला वचन शोधलं, हे मला जास्त पटतं. पुढे दुसऱ्या शतकात अक्विला वगैरे ज्यू भाषांतरकारांनी तो शब्द बदलून 'नेआनिस' केला, तरुणी. तोवर भांडण पेटलं होतं.

वसईचा_वारा | मंगळवार, दुपारी १:२०

आमच्याकडे आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांत, हेच वाचन लागतं, लहानपणापासून ऐकतोय. त्यामुळे थोडं श्रद्धेच्या बाजूने.

मत्तयाला काय वाटतं तुम्हाला, संदर्भ माहीत नव्हता? होशेय या संदेष्ट्याचं ११:१ घ्या. 'मिसरातून मी माझ्या पुत्राला बोलावलं.' होशेय सरळसरळ इस्राएल लोकांबद्दल बोलतोय, मिसरातल्या, म्हणजे इजिप्तमधल्या, गुलामगिरीतून सुटण्याबद्दल. भूतकाळात! त्यात भाकीत नावालाही नाही. मत्तयाच्या ज्यू वाचकांना हे तोंडपाठ असणार. तरी तो लिहितो की बाळ येशू मिसरातून परतला तेव्हा हे 'पूर्ण झालं'. तो पुरावा देत नाहीये. इस्राएलची सगळी गोष्ट या एका आयुष्यात पुन्हा घडतेय असं तो म्हणतोय. मिसर, मग पाणी, मग चाळीस दिवस रान, मग डोंगरावरून शिकवण. क्रम लावून बघा. 'पूर्ण होणे' म्हणजे भाकिताला टिकमार्क नव्हे, भांडं काठोकाठ भरणं.

श्रद्धा नसलेल्या माणसाला हे पटेलच असं नाही. पण निदान मत्तयाला अडाणी ठरवू नका.

सालस_शंकेखोर | मंगळवार, दुपारी १:४४

अडाणी नाही म्हणत. पण गाढवांचं काय? जखऱ्या ९:९ मध्ये राजा येतो तो 'गाढवावर, गाढवीच्या शिंगरावर' बसून. एकच जनावर, दोनदा सांगितलंय, हिब्रू कवितेची रीतच तशी. मार्क, लूक, योहान या बाकीच्या तिन्ही चरित्रकारांकडे एकच शिंगरू. मत्तयाकडे मात्र शिष्य गाढवी आणि शिंगरू दोन्ही आणतात, त्यांच्यावर कपडे टाकतात आणि येशू 'त्यांच्यावर' बसतो. सर्कस आहे का? :)

शिवाय येशूला धरून देणारा शिष्य यहूदा, त्याच्या तीस नाण्यांच्या जागी मत्तय 'यिर्मया म्हणाला' असं लिहितो, शब्द बहुतांशी जखऱ्याचे आहेत. आणि 'त्याला नासरेथकर म्हणतील' हे कुठल्या संदेष्ट्याने म्हटलंय? शोधा, सापडलं तर वडापाव माझ्याकडून.

वसईचा_वारा | मंगळवार, दुपारी २:०५

दोन गाढवांचं मान्य, तिथे मीही हसतो. वडापाव तुम्हालाच लखलाभ.

षष्ठी_तत्पुरुष | मंगळवार, रात्री ९:५०

धागाकर्त्याच्या 'बाकीचे ज्यूही तसंच वाचत होते' याला पुरावा जोडतो. हबक्कूक या संदेष्ट्याचं २:४. हिब्रूत तीन शब्द, अर्थ साधारण : 'नीतिमान आपल्या विश्वासाने जगेल'. इथला 'एमुना' हा शब्द विश्वास आणि निष्ठा यांच्या मधला आहे, मराठीत एकाच शब्दात बसत नाही.

सुरुवातीचा ख्रिस्ती प्रचारक पौल हे वचन रोमकरांस आणि गलतीकरांस पत्रांत वापरतो : नियमशास्त्राच्या कर्मांनी नव्हे, विश्वासाने. पुढे जर्मन धर्मसुधारक लूथरपर्यंत याच्यावर काय काय झालं ते सांगत बसत नाही.

आता १९४७ नंतर मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांत ज्या गुंडाळ्या सापडल्या त्यांत हबक्कूकवरची एक टीका आहे. ओळ द्यायची आणि खाली 'याचा अर्थ असा' म्हणून आपल्या काळातलं काहीतरी सांगायचं, या पद्धतीला 'पेशेर' म्हणतात. या वचनाखाली काय लिहिलंय? हे यहूदाच्या घराण्यातल्या नियमशास्त्र पाळणाऱ्यांबद्दल आहे, त्यांच्या कष्टांमुळे आणि 'धार्मिकतेच्या गुरू'वरच्या निष्ठेमुळे देव त्यांना सोडवील. तो गुरू त्या पंथाचा संस्थापक. तेच वचन, दुसरा गुरू, आणि ख्रिस्ताच्या आधीच्या पिढ्यांत.

तिसरं वाचन तालमुदात, म्हणजे रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) चर्चांच्या ग्रंथात, मक्कोत २४अ. मोशेला ६१३ आज्ञा मिळाल्या. दाविदाने त्या ११ वर आणल्या, यशयाने ६ वर, मीखाने ३ वर (न्यायाने वागा, दया आवडीने करा, देवाबरोबर नम्रपणे चाला), यशयाने पुन्हा २ वर, आणि हबक्कूकने एकावर. कुठल्या? याच. पौल म्हणतो विश्वास, नियमाऐवजी. कुमरानवाले म्हणतात निष्ठा, नियमासकट. रब्बी म्हणतात सगळ्या नियमांचं सार हेच. एकाच विहिरीवर तीन रहाट.

काजूची_बी | मंगळवार, रात्री १०:११

६१३ वरून १ वर! हे आवडलं. माझ्या गृहसंकुलाच्या नियमावलीसाठी हबक्कूक मिळेल का?

खोबऱ्याची_वाटी | बुधवार, पहाटे २:३०

इथे इस्राएलमध्ये अजून झोपायची वेळ व्हायचीय, म्हणून लिहिते. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंपैकी, आजोळ अलिबागकडचं, आता अश्दोदला. मराठी वाचायला मिळालं की बरं वाटतं, त्यातून विषय आमच्या घरातला.

पहिली गोष्ट, तुम्ही सगळे ख्रिस्ती बायबलातला 'जुना करार' डोळ्यांसमोर ठेवून बोलताय. आमच्या तनाखात, म्हणजे ज्यू धर्मग्रंथात, पुस्तकं बरीचशी तीच, पण मांडणी वेगळी. तोरा (नियमशास्त्र), नेवीइम (संदेष्टे), केतुवीम (इतर लेख). नेवीइममध्ये, म्हणजे संदेष्ट्यांत, यहोशवा, शास्ते, शमुवेल, राजे हीसुद्धा येतात. तुम्ही ज्याला इतिहास म्हणता त्याला आम्ही नबींचं पुस्तक म्हणतो. दानीएल मात्र आमच्याकडे नबींत नाही, केतुवीममध्ये आहे. आणि शेवट बघा. आमचा तनाख संपतो इतिहासाच्या पुस्तकावर : पारसाचा राजा कोरेश सांगतो, ज्याला जायचंय त्याने यरुशलेमला वर जावं. ख्रिस्ती जुना करार संपतो मलाखीवर : जुना संदेष्टा एलीया पुन्हा येणार आहे. पान उलटलं की मत्तय, आणि थोड्याच पानांवर उंटाच्या केसांचं वस्त्र आणि कमरेला कातडी पट्टा घातलेला बाप्तिस्मा देणारा योहान, थेट एलीयाच्या पेहरावात. पुस्तकं तीच, फक्त शेवटी काय ठेवलं त्यावरून गोष्ट कुठे चाललीय ते बदलतं. 'घरी चला' आणि 'कोणीतरी येतोय'.

दुसरं, एलियाहू हन्नबी, म्हणजे हाच एलीया, आमच्या घरातून कधी गेलेलेच नाहीत. खंडाळ्याला अलिबागजवळ खडकावर त्यांच्या रथाच्या घोड्यांच्या टापा आहेत असं आमचे लोक मानतात. तू बिश्वातला, म्हणजे झाडांच्या सणाला, तिथे जायचं, मलिदा करायचा : भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं. आजी ताट धरून उभी राहायची आणि आम्ही पोरं खोबऱ्यावर डोळा ठेवून. नाव उगाच नाही घेतलं.

तेव्हा 'ज्यूंना कळलं नाही होय' हे ऐकलं की हसू येतं. आम्ही दर शब्बाथला, म्हणजे शनिवारी, तोरानंतर नबींचा एक भाग वाचतो, त्याला हफ्तारा म्हणतात. योम किप्पूरच्या (प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या) दुपारी, सगळे उपाशी असताना, अख्खा योना वाचला जातो. वाचत नाही असं नाही. वेगळं वाचतो.

वसईचा_वारा | बुधवार, सकाळी ८:१०

@खोबऱ्याची_वाटी, मनापासून धन्यवाद. आमच्याकडेही रविवारी पहिलं वाचन बहुतेक वेळा जुन्या करारातलंच असतं, पण त्यानंतर शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्रातलं वाचन, येतं आणि कान आपोआप जोडणी करतात. एक विचारतो, राग मानू नका. यशयाचा ५३ वा अध्याय, दुःखी सेवकाचा, हफ्तारेत वाचतच नाहीत असं ऐकलंय. मुद्दाम वगळलाय?

खोबऱ्याची_वाटी | बुधवार, दुपारी ३:००

राग कसला. हफ्तारा म्हणजे निवडक उतारे, नबींचे कितीतरी अध्याय त्यात नाहीत. एका शब्बाथला ५२:१२ पर्यंत वाचतात, पुढच्याला ५४:१ पासून. मधलं नाही, एवढं खरं. पण कपाटात लपवलेलं नाही हो, कुठल्याही घरातल्या तनाखात आहे आणि त्यावर राशी नावाच्या ज्यू पंडिताची टीकाही आहे. ११ व्या शतकातला तो, त्याच्या मते सेवक म्हणजे इस्राएल, सगळी जमात. ही टूम त्याने काढलेली नाही. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती पंडित ओरिगेन स्वतः लिहून गेलाय की ज्यू विद्वानांशी वाद घालताना त्यांनी हेच उत्तर दिलं.

षष्ठी_तत्पुरुष | बुधवार, दुपारी ३:२५

याच अध्यायाबद्दल 'प्रेषितांची कृत्ये' ८ मधला प्रसंग मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. इथिओपियाच्या राणीचा खजिनदार रथात बसून यशया वाचतोय. येशूचा अनुयायी फिलिप्प रथाशेजारून पळत येतो आणि विचारतो, वाचताय ते कळतंय का? खजिनदार म्हणतो, कोणी समजावल्याशिवाय कसं कळणार? आणि मग विचारतो : संदेष्टा हे कोणाबद्दल बोलतोय, स्वतःबद्दल की दुसऱ्या कोणाबद्दल? आजही अभ्यासक या प्रश्नाच्या पुढे फार गेलेले नाहीत.

धुळीचा_लोट | बुधवार, संध्या. ६:४०

एवढं कशाला? आपल्या संतांसारखेच हे. कर्मकांडावर कोरडे ओढले, गरिबांची बाजू घेतली. सगळीकडे सारखंच.

पडवी | बुधवार, रात्री १०:१५

@धुळीचा_लोट, कोरडे ओढण्यापुरतं ठीक. पण यिर्मया राजाला सांगत होता की बाबेलला शरण जा. शहराला वेढा पडलेला असताना! त्याला चिखलाच्या हौदात टाकलं. हे सरळ परराष्ट्र धोरण आहे. आपल्या संतांवर ती वेळ आली नाही, त्यामुळे 'सगळीकडे सारखंच' म्हटलं की दोघांचंही काहीतरी सुटतं.

यिर्मयावरून मूळ मुद्द्याकडे येतो. त्याने यरुशलेमच्या मंदिराच्या दारात उभं राहून सांगितलं, तुम्ही याची लुटारूंची गुहा केलीत, हे पाडलं जाईल. लोकांनी धरलं, मारूनच टाका म्हणाले. तेव्हा काही वडीलधारे उठले : शंभर वर्षांमागे मीखानेही हेच म्हटलं होतं, सियोन (यरुशलेमची टेकडी) शेतासारखं नांगरलं जाईल म्हणून. हिज्कीया राजाने त्याला मारलं का? यिर्मया वाचला. त्याच अध्यायात उरीया नावाचा दुसरा संदेष्टा मात्र मिसरातून धरून आणून मारला जातो. इ.स.पू. ५८६ मध्ये मंदिर खरंच पडलं.

येशू मंदिरात सराफांची चौरंगं उलथतो तेव्हा 'लुटारूंची गुहा' हे यिर्मयाचेच शब्द वापरतो. ऐकणाऱ्यांना ते कुठले ते लगेच कळलं असणार. आणि तो एकटाही नव्हता. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसीफस एका शेतकऱ्याची हकिगत देतो, त्याचंही नाव येशूच, हनान्याचा मुलगा. इ.स. ६२ पासून सात वर्षं हा माणूस यरुशलेमच्या गल्ल्यांतून 'हाय हाय यरुशलेम' ओरडत फिरला. शहरातल्या मान्यवरांनी त्याला रोमन अधिकाऱ्यापुढे नेलं, फटके मारले, त्याने फक्त 'हाय यरुशलेम' म्हटलं. वेडा म्हणून सोडून दिला. शेवटी वेढ्यातला एक धोंडा लागून मेला. त्याच्याही तोंडी यिर्मयाचे शब्द होते, नवरदेवाचा आवाज आणि नवरीचा आवाज.

म्हणजे मंदिराविरुद्ध बोलणं हे ज्यू असण्याच्या विरुद्ध नव्हतं. ती घरातलीच जुनी, धोक्याची रीत होती.

आता बाहेर काय झालं बघा. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर जस्टिन नावाचा ख्रिस्ती लेखक त्रिफो या ज्यूशी झालेला संवाद लिहितो. जस्टिन जन्माने ज्यू नाही. तो त्रिफोला म्हणतो, हे तुमच्या ग्रंथांत आहे, तुमच्या कसल्या, आमच्याच. त्याच शतकात सार्दीसचा मेलितो इस्राएलला उद्देशून देवाच्या खुनाचा आरोप करतो. यशयाने 'पापी राष्ट्र' म्हटलं ते स्वतःच्या भावंडांना. 'तुम्ही संदेष्ट्यांना मारलंत' हे मुळात नहेम्याच्या पुस्तकात ज्यूंच्या स्वतःच्या कबुलीत येतं, उपास करून, गोणपाट नेसून म्हटलेलं. ते वाक्य परक्याने पुढे सरकवलं की आरोपपत्र होतं. आई पोराला 'मेल्या' म्हणते आणि शेजारी म्हणतो, यात जो फरक तोच.

षष्ठी_तत्पुरुष | बुधवार, रात्री ११:०५

उपमा झकास, पण तुमच्याच आमोसने ती मोडतेय. तो बेथेलमध्ये परकाच होता ना? दक्षिणेतला. अमस्या त्याला 'तुझ्या गावाला जा' म्हणतो ते म्हणूनच. मग घरातला-बाहेरचा ही रेघ कुठे ओढायची? आणि बाहेरच्यांनी पोथी घेतली नसती तर मार्कियोनसारखं झालं असतं. त्याने इ.स. १४४ च्या आसपास सगळा जुना करारच फेकून दिला, तो देव वेगळा म्हणाला. रोमच्या ख्रिस्ती मंडळीने त्याला बाहेर काढलं. पोथी बळकावली हे खरं, पण फेकली नाही हेही खरं.

पडवी | बुधवार, रात्री ११:४०

आमोसचा मुद्दा बिनतोड. याचं उत्तर माझ्याकडे तयार नाही. एवढंच म्हणेन की तो दोन्ही राज्यांना एकाच कराराखाली धरतो, शेजाऱ्यांना झोडताना यहूदालाही सोडत नाही. म्हणजे परका, पण चुलत. रेघ मी समजलो तितकी सरळ नाही हे मान्य.

मार्कियोनचंही मान्य. ही बाजू मूळ लेखात यायला हवी होती.

काजूची_बी | गुरुवार, सकाळी १०:२०

भाबडा प्रश्न. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांत स्वतःचे संदेष्टे नव्हते का? की मलाखीनंतर दुकान बंद?

वसईचा_वारा | गुरुवार, सकाळी ११:००

होते की! अगब नावाचा एक, पौलाचा कमरपट्टा घेऊन स्वतःचे हातपाय बांधतो आणि म्हणतो, याच्या मालकाला यरुशलेमात असंच बांधतील. थेट यिर्मयाची शैली, तो मानेवर जू घालून फिरला होता. फिलिप्पाच्या चार मुली संदेश सांगत. आणि 'दिदाखे' म्हणून फार जुनं पुस्तक आहे, १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला त्याची प्रत सापडली. त्यात फिरत्या संदेष्ट्यांची परीक्षा कशी करावी ते लिहिलंय. एक दिवस राहू द्या, गरज असेल तर दोन. तीन दिवस राहिला तर खोटा. निघताना भाकरीखेरीज काही घेऊ नये, पैसे मागितले तर खोटा. आत्म्याच्या नावाने पंगत मांडायला लावून स्वतःच जेवला, तरी खोटा!

काजूची_बी | गुरुवार, सकाळी ११:०४

दोन दिवसांच्या नियमात आमच्याकडचे निम्मे पाहुणे बाद होतील.

पडवी | शनिवार, दुपारी ४:३०

धागा वर काढतोय. काल काकूंना हे सगळं मोबाइलवर वाचून दाखवलं, मोठ्याने, प्रतिसादांसकट. 'अल्मा'वर त्या म्हणाल्या, "असेल." गाढवांवर हसल्या. मग चष्मा लावून त्यांचं पुस्तक आणलं आणि लूक ४ काढला. म्हणाल्या, "एवढं लिहिलंस आणि हे नाही?"

नासरेथच्या सभास्थानात येशूला यशयाची गुंडाळी देतात. तो वाचतो : दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका, आंधळ्यांना दृष्टी, परमेश्वराच्या प्रसादाचं वर्ष. काकूंनी बोट ठेवलं. मग यशया ६१ काढला आणि तिथे बोट ठेवलं. तिथे वाक्य पुढे जातं : 'आणि आमच्या देवाच्या सूडाचा दिवस'. "हे त्यानं वाचलं नाही. अर्ध्यात थांबला, गुंडाळी मिटली, बसला."

मी म्हटलं, म्हणून लोक चिडले? "छे. तोपर्यंत खूशच होते सगळे. नंतर त्यानं एलीयाचं काढलं ना. दुष्काळात इस्राएलात विधवा काय कमी होत्या, पण एलीयाला धाडलं ते सीदोनातल्या सारफथच्या बाईकडे, परक्या. कोडी काय कमी होते, पण बरा झाला नामान, अरामी. तेव्हा उठले त्याला कड्यावरून ढकलायला." मग म्हणाल्या, "तो तेव्हा घरातलाच होता ना? मग हे कुठल्या खान्यात घालशील?"

मला सुचलं नाही. इथे कोणाला सुचतंय का?

खोबऱ्याची_वाटी | शनिवार, रात्री ९:५०

शब्बाथ संपला, आत्ता वाचलं. काकूंना माझा शालोम सांगा. खान्याचं मला ठाऊक नाही, पण आमच्या हफ्तारेतही यशया ६१ येतो, रोश हशानाच्या, म्हणजे आमच्या नववर्षाच्या, आधीच्या शब्बाथला. सुरुवात होते १० व्या वचनापासून, 'मी परमेश्वराच्या ठायी अत्यंत आनंद करीन' तिथून. म्हणजे तो जे वाचून थांबला तेही आम्ही वाचत नाही, आणि जे त्याने सोडलं तेही नाही. त्यांना सांगा, बघू काय म्हणतात.